रत्नपाल हॉर्न लावत नाही

गोरेगावात रत्नपाल शहारेचं दुकान कोणालाही विचारा. सेल्फ, डायनामो, वायरिंग, हवेचा ब्रेक, काय बिघडलं असेल ते घेऊन जा, करून देईल. फक्त प्रेशर हॉर्न घेऊन जाऊ नका. नव्या ट्रकचे मालक जातात, हातात चकचकीत भोंगा धरून. हा मान वर न करता म्हणतो, "नाई लावत."

"काऊन?"

"नाई लावत म्हनलो ना."

मग ते लोक समोरच्या टपरीवर येऊन दात काढतात. म्हणे मिस्त्रीचं डोकं सरकलं. म्हणे दारात आलेली लक्ष्मी लाथाडतो. परवा असाच एक जण माझ्यासमोर हसला. त्याच्या हातातला चहा मी काढून घेतला आणि नालीत ओतला. चहा मीच पाजत होतो, म्हणून हक्क होता. तो म्हणाला, "बुढ्या, पागल झाला का?" म्हटलं, "बस इथं. ऐकल्याशिवाय उठायचं नाही."

त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

मी भैय्यालाल पटले. तीस वर्षं ट्रक चालवला, आता डोळ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसून आहे. माझी जीभ कडू आहे असं बायकोपासून नाक्यावरच्या पोलिसापर्यंत सगळे सांगतात. असू द्या. गोड बोलून कोणाचं भलं झालं?

तर आमचे चुन्नीलाल शेठ बांबूचे ठेकेदार. त्यांनी मिलिटरीच्या लिलावात एक जुना ट्रक घेतला. हिरवा रंग, पुढं लांब नाक, छातीला लागतील एवढी चाकं. गावोगावची पोरं "फौजी आला, फौजी आला" करत मागं धावायची, म्हणून त्याचं नावच फौजी पडलं. दुसऱ्या गाड्या जिथं फसून बसत तिथून हा निघायचा. नाला म्हणू नका, चिखल म्हणू नका, धानाची बांधी म्हणू नका. पण वय झालं होतं बाप्पा त्याचं. रोज एक दुखणं.

दोन गोष्टी आधी ऐकून घ्या, मग मधे विचारू नका. एक, फौजीला दोन बॅटऱ्या. बारा-बारा व्होल्टच्या, एकीला एक जोडून चोवीस. दोन्ही धड असल्या तरच सेल्फ फिरणार, म्हणजे किल्लीनं इंजिन चालू होणार. बैलजोडीसारखं काम आहे. एक बैल बसला की बंडी बसली. दुसरी गोष्ट, ब्रेक हवेचा. इंजिन चालू असलं की टाकीत हवा भरत राहते, त्या हवेच्या जोरावर ब्रेक लागतो. टाकी रिकामी तर ब्रेक नाही. हँडब्रेक होता, पण तो उभ्या गाडीला कसाबसा धरायचा. चालत्या गाडीला थांबवणं त्याच्या बापाला जमलं नसतं.

फौजीचं सगळं दुखणंखुपणं रत्नपाल बघायचा. बाप गेला तेव्हा हा सोळा वर्षांचा आणि बहीण खुशबू सात वर्षांची. शाळा सोडली, गोंदियाला एका उस्तादाच्या हाताखाली पाने उचलले, शिव्या खाल्ल्या, शिकला. मग गोरेगावात दुकान टाकलं. खुशबूला बारावीपर्यंत शिकवलं. लग्नाला दहा वर्षं झाली तरी याच्या घरात पाळणा हलला नव्हता, तर बायको अन्नपूर्णा म्हणायची, "आमची पोरगी म्हनजे खुशबूच."

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये खुशबूचं लग्न झालं. मुलगा संघदीप, वनखात्यात मजूर. गाव कोसमटोला, दरेकसाच्या पुढं जंगलात, टेकडीवर पंचवीस घरांचा टोला. मुलगा सोन्यासारखा, पण गाव असं आडबाजूला. रत्नपालच्या मनाला ते लागलं होतं. शेठनं वऱ्हाडासाठी फौजी दिला, तशी हा दोन दिवस गाडीखाली जाऊन बसला. टेप बसवला आणि तीन तोंडाचा प्रेशर हॉर्न बसवला.

मी म्हटलं, "कायले करून राहिला बे एवढं?"

तर म्हणाला, "माही बहीन जंगलात देऊन राहिलो, भैय्यालालभाऊ. दहा गावाले आयकू गेलं पाह्यजे, कोन आली ते."

आता टेप बारा व्होल्टचा आणि गाडी चोवीसची. मधे एक डबी लावावी लागते, ती गोंदियालाच मिळणार. लग्नाला उरला एक दिवस. तर यानं दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक लाल वायर काढली आणि टेप एकाच बॅटरीवर चालवला. हॉर्नला हवा पाहिजे, तर ब्रेकच्या टाकीच्याच पाइपात एक जोड घातला. वेगळी टाकी लावायला वेळ कुठं होता? दोन्ही कामं कच्ची आहेत हे त्याला माहीत होतं. मला म्हणाला, "चार दिवसाची गोष्ट आहे. लगन झालं का काढून टाकतो."

आणि वरात काय निघाली म्हणता! दरेकसाचा चढ लागला की खुशबू शालूचा पदर सावरत केबिनच्या खिडकीतून ओरडायची, "दादा, वाजव!" की हा दोरी ओढायचा. अख्खं जंगल दणाणून जायचं. नवरा मुलगा कानावर हात ठेवून हसत होता. एवढा खुश मी रत्नपालला ना आधी पाहिला ना नंतर.

लग्न झालं. हा शब्दाचा पक्का. तीनदा आला पाना घेऊन, हॉर्न आणि टेप काढायला. तिन्ही वेळा मीच नाही म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला तो भोंगा आवडला होता. रिकाम्या रस्त्यावर एकटा ड्रायव्हर, टेपवर गाणं, हाताशी भोंगा. राजा वाटायचं स्वतःला. म्हटलं, "राहू दे ना बे, तुह्या बापाचं काय जाते?" तो म्हणाला, "जोड कच्चा आहे, भाऊ." मी म्हटलं, "मी आहो ना पाहाले."

मी काय पाहिलं? काही नाही. सालभरात एक बॅटरी मऊ पडली. सकाळी सेल्फ कण्हायचा. पाइपातून सुस्स आवाज यायचा, रात्रभरात टाकी रिकामी व्हायची. दुरुस्त करावं? छे! आमच्याकडं त्यावर एक नामी इलाज असतो: गाडी उतारावर उभी करायची. सकाळी चाकाचा दगड काढला, गाडी सोडली, गिअर टाकला, इंजिन चालू. खाली सपाट रस्ता असला की ब्रेक कोणाला लागतो? अर्धा जिल्हा असाच चालतो. मीही तसाच चाललो.

दोन हजार सातचा ऑगस्ट. खुशबूला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून रत्नपाल तिला आणायला निघाला. मी बांबू भरायला कोसमटोल्यालाच जात होतो, तर माझ्यासोबतच आला. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी पाणी लागलं ते चार दिवस थांबलं नाही. टेकडीच्या पायथ्याला नाला आहे. तो असा फुगला की गाव तुटलं. दरेकसाला रुळावर पाणी, गाड्या बंद. मोबाइलला रेंज नाही. रत्नपाल बहिणीच्या घरी, मी फौजीच्या केबिनमध्ये. गाडी नेहमीसारखी उतारावर उभी, नाक नाल्याकडं.

आता ते चार दिवस मी काय केलं ते सांगतो. झोपलो आणि टेप ऐकला. चार कॅसेटा होत्या, उलटसुलट करून वाजवल्या. सकाळपासून निजेपर्यंत. इंजिन बंद, चार्जिंग नाही, आणि मी पाय पसरून गाणी ऐकून राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी गाणं लांबट यायला लागलं, गाणारी बाई पुरुषासारखी गायला लागली. तेव्हाही मला काही सुचलं नाही. मी हसलो, खरं सांगतो.

तेवढ्यात संघदीप धावत आला. "भैय्यालालकाका, गाडी काढा! खुशबूले रगत जाऊन राहिलं!"

मी घराकडं पळालो. दारात सुईण सुलोचनाबाई उभी. त्या टोल्यावरची निम्मी लेकरं तिच्या हातची. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. रत्नपालला म्हणाली, "हे माह्या हातचं नाई, बापू. पोट आवळून आलं, रगत थांबत नाई. दवाखान्यात नेलं त जगंल." आतून खुशबूचा आवाज येत होता. रडण्याचा नाही, जनावरासारखा.

चौघांनी खाट उचलायची म्हटलं, पण दोघं आधी नाला पाहून आले. पाणी छातीला, आणि ओढ अशी की उभा बैल वाहून जाईल. त्यातून निघेल तर एकटा फौजी. सकाळचे आठ वाजले होते.

मी किल्ली फिरवली. टक्. बस, एवढाच आवाज. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा तोही नाही.

रत्नपालनं मला खाली ओढलं. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा क्षार गरम पाण्यानं धुतला, सुरीनं खरवडला, नट आवळले. चॅसीला जाणारी अर्थची पट्टी उघडून घासली. किल्ली फिरवली. काही नाही. मग त्यानं मागचा एक दिवा काढून दोन वायरी जोडल्या आणि एकेका बॅटरीला लावून पाहिला. पहिलीवर पिवळा का होईना, पेटला. दुसरीवर नुसती लाल तार दिसली, विझत्या बिडीएवढी.

त्याच बॅटरीवरून ती लाल वायर निघाली होती. त्यानं बोटानं धरून ती केबिनपर्यंत तपासत नेली. टेपवर हात ठेवला. क्षणभर तसाच थांबला. मग माझ्याकडं पाहिलं.

मी बोललो असतो तर? बोललो नाही. तो स्वतःच म्हणाला, "माहीच वायर आहे. सालभर एकीलेच खाऊन राहिली." मी मान हलवली. हो, मान हलवली मी! माणूस किती हलकट असू शकतो ते त्या दिवशी मला माझ्याच अंगावर कळलं.

गावात आणखी एकच बॅटरी होती, भजन मंडळीच्या लाउडस्पीकरची. ती आणली. केवढीशी! जोडल्यावर सेल्फनं अर्धा फेरा घेतला, कण्हला आणि बसला. वायरीतून धूर निघाला. रत्नपालनं उघड्या हातानं ती ओढून काढली. तळवा भाजला, त्यानं पाहिलंही नाही.

मी म्हटलं, "सोडू ना उतारावर. रोजच सोडतो."

त्यानं नुसतं हवेच्या मीटरकडं बोट केलं. काटा शून्यावर पडला होता. मग बोट उताराखाली नेलं. रोज खाली सपाट रस्ता असायचा. आज नाला होता, गढूळ, फेसाळ, झाडं वाहून नेणारा.

बघा आता कसं तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो ते. गाडी उतारावर सोडल्याशिवाय इंजिन चालू होणार नाही. ब्रेकशिवाय गाडी सोडता येणार नाही. आणि इंजिन चालू झाल्याशिवाय ब्रेकला हवा मिळणार नाही. संघदीप गाडीच्या चाकाला डोकं लावून रडायला लागला. मी देवाला शिव्या दिल्या. घरातून खुशबूचा आवाज मधेच बंद व्हायचा, तेव्हा आणखी भीती वाटायची.

रत्नपाल रडला नाही. तो म्हणाला, "सायकलचा पंप आना."

मिलिटरीवाल्यांनी गाडीला एक सोय केलेली होती. टाकीला एक तोटी, तिला नळी लावून चाकात हवा भरायची. टोल्यावरची पोरं त्या तोटीवर सायकली भरून न्यायची. रत्नपालनं उलटं केलं. सायकलच्या पंपानं टाकीत हवा घालायला लावली. दोघं-तिघं माणसं आळीपाळीनं पंप मारत होती, घामानं निथळून. काटा जरासा हलायचा की पुन्हा खाली. हवा कुठूनतरी निघून जात होती. गळती शोधायला जोडांवर साबणाचा फेस लावला तर तो टिकेना, पावसाचं पाणी गळून राहिलेलं. तर हा म्हणाला, "बिडी द्या."

रत्नपाल बिडी पीत नाही. एका म्हाताऱ्यानं पेटवून दिली. हा गाडीखाली उताणा पडला, झुरका घ्यायचा आणि पाइपाच्या एकेका जोडावर हळू धूर सोडायचा. खोकत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. पहिल्या जोडावर धूर सरळ वर गेला. दुसऱ्यावर सरळ. मग एका ठिकाणी धूर कोणी फुंकर मारल्यासारखा बाजूला उडाला.

हॉर्नचा जोड होता तो.

गाडीखालून मला फट्कन आवाज आला. वाकून पाहिलं. त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली होती. पुन्हा मारली, भाजलेल्याच हातानं. मी त्याचा हात धरला. तो ओरडला, "माह्याच हातानं केलं, भाऊ! दोन्ही माह्याच हातानं! तिच्याच लग्नासाठी!"

"नंतर मार बे स्वतःले," मी म्हटलं. "आता काम कर."

एवढं मात्र मी बोललो. खरं बोलायचं सोडून बाकी सगळं बोललो.

त्यानं हॉर्नची नळी उपटून फेकली. उरलेल्या तोंडाला बुच पाहिजे होतं. संघदीपच्या खिशातलं एक नाणं घेतलं, त्यावर सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून ठेवला, वरून नट आवळला. पुन्हा धूर सोडला. सरळ वर गेला.

पण सायकलच्या पंपानं ती टाकी भरायची म्हणजे दुपार झाली असती. मग त्यानं स्टेपनीकडं पाहिलं. फौजीची स्टेपनी, टम्म भरलेली. तोटीची नळी स्टेपनीला लावली आणि चाकातली हवा टाकीत सोडली. काटा चढायला लागला. एक. दोन. अडीच. तीन किलो दाबावर थांबला. स्टेपनी आणि टाकी सारख्या झाल्या, आता आणखी हवा येणार नव्हती.

"तीन-चार डाव ब्रेक लागंल," रत्नपाल म्हणाला. "त्याच्या वरता नाई."

सगळ्यांना बाजूला केलं. मी त्याला म्हटलं, "तू उतर." तो म्हणाला, "मीटर कोन पाहील?" आणि माझ्या बाजूला बसला. दगड काढले. फौजी हलला.

चिखलावरून गाडी सुटली. दुसरा गिअर टाकून क्लच सोडला तर चाकं जागीच अडकली आणि गाडी घसरत निघाली. इंजिननं एक उचकी दिली, बस. समोर नाला मोठा मोठा होत येत होता. मी क्लच दाबला, चाकं फिरली, मग ब्रेक दाबला. फुस्स आवाज आला आणि गाडी उभी राहिली.

"दोन," रत्नपाल शांतपणे म्हणाला. "खाली मुरूम आहे. तथं चाक धरंल. तिसरा टाक."

उतार निम्मा संपला होता. मी पुन्हा सोडली. मुरूम लागला तसा तिसरा टाकला, क्लच सोडला. गाडीनं गचका खाल्ला. एकदा, दोनदा. धूर निघाला, काळाकुट्ट. इंजिन लागलं! मी क्लच दाबून ब्रेकवर उभा राहिलो. पाण्यापासून दोन हातांवर थांबलो. "दीड," रत्नपाल म्हणाला, आणि मग काटा वर जायला लागला तशी त्यानं मीटरची काच पुसली, उगाचच.

घड्याळात दहा वाजून गेले होते.

खुशबूला खाटेसकट मागं चढवलं. सुलोचनाबाई आणि संघदीप चढले. रत्नपाल तिच्याजवळ जाऊन बसला. माझ्या पाठीमागची खिडकी फुटकी होती, मला सगळं ऐकू येत होतं. नाल्यात शिरताना पाणी दिव्यांवर आलं तेव्हा तिनं डोळे उघडले असावेत. म्हणाली, "दादा, भोंगा नोको वाजवू. पोटात लय दुखते."

"नाई वाजवत," तो म्हणाला. "नाई वाजवत, बाई."

नाला पार झाला. दरेकसा मागं पडलं. खड्डा आला की ती कण्हायची आणि मी स्वतःला शिव्या द्यायचो. मग कण्हणं थांबलं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिची बोटं पांढरी पडली होती. पोट फाडून मुलगी काढली. मुलगी रडली. खुशबूनं डोळे उघडले नाहीत.

डॉक्टर चांगला माणूस होता. रक्ताची सोय करायला त्यानं स्वतः धावपळ केली. बाहेर आला आणि भिंतीला टेकून म्हणाला, "दोन तास आधी आणलं असतं तर वाचली असती."

दोन तास. आठ ते दहा. सगळे रत्नपालकडं पाहत होते आणि रत्नपाल स्वतःच्या हातांकडं. माझ्याकडं कोणीच पाहत नव्हतं.

मुलीचं नाव गुंजन. संघदीपनं हात जोडून ती अन्नपूर्णाच्या ओटीत घातली. तिच्या बारशाला रत्नपाल लोकांसमोर म्हणाला, "इची माय माह्या हौसेनं मेली." बायकांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हापासून तो हॉर्न लावत नाही. कच्चं काम करत नाही. "चार दिवसासाठी लावून द्या" म्हणणाऱ्याला दुकानाची पायरी चढू देत नाही.

आणि मी? झाकली मूठ ठेवली. सात वर्षं. त्याच्या घरी जेवलो, गुंजनला खांद्यावर घेऊन बाजार फिरवला, आणि गप्प बसलो. गाडीत टेप मात्र पुन्हा लावला नाही. शेठनं फौजी भंगारात काढला त्या दिवशी वाटलं, सुटलो. कुठला सुटतो? रोज सकाळी आठ वाजले की किल्लीचा तो टक् ऐकू यायचा. शेवटी बायकोला सांगितलं. ती मला ओळखते, म्हणून चिडली नाही. म्हणाली, "मले काऊन सांगता? त्याले सांगा ना."

गेलो दुकानात. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तो डायनामोची तार गुंडाळत बसला होता. मी उभ्याउभ्याच बोललो. "रत्नपाल, तवा बॅटरी तुह्या वायरनं नाई मेली. मऊ पडली होती, पन सेल्फ फिरवत होती. मी चार दिवस टेप आयकला. मी मारली."

तो तार गुंडाळत राहिला. "मले माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"टेपवर हात ठेवला होता ना मी. कोमट होता."

मी तिथल्याच टायरवर बसलो. रडायला आलं ते आवरलं नाही, साठीचा माणूस, भर बाजारात. म्हटलं, "मंग तवाच काऊन नाई बोलला? शिव्या दिल्या असत्या. मारलं असतं मले!"

त्यानं तार खाली ठेवली. "तवा बोललो असतो त गाडी कोनं उतरवली असती, भाऊ? तुह्या पायाखाली तीन किलो हवा होती. तुहा पाय थरथरला असता."

"अन् मंग? सात वर्सं?"

त्यानं तार पुन्हा हातात घेतली. म्हणाला, "मंग वाटलं, हा उद्या सांगंल. मंग वाटलं, नाई सांगत त त्यालेच ते जड होत असंल. मी काय आनखी ठेवू त्याच्यावर?"

हा माणूस आहे तो. ज्याला तुम्ही पागल म्हणता. स्वतःच्या बहिणीचं रक्त डोळ्यांपुढं असताना यानं माझ्या पायाचा विचार केला, आणि नंतर सात वर्षं माझा वाटाही आपल्याच नावावर ठेवला. मी ओझं लपवतो असं मला वाटत होतं. तो उचलून चालत होता.

टपरीवरचा तो माणूस उठताना म्हणाला, "काका, मले माहीत नव्हतं." म्हटलं, आता माहीत झालं ना? मग जा, आणि दुसऱ्यांनाही सांग. सेल्फ बिघडला, वायर जळली, ब्रेक लागत नाही, तर रत्नपालकडं जा. त्याच्यासारखा हात जिल्ह्यात नाही. हॉर्न लावायचा असेल तर गोंदियाला जा.